झेडलिबचा बग २०१८चा की २०२२चा?

सुरक्षेवर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक जण सीव्हीई नोंदींपासून सुरुवात करतात. त्यातली एकच नोंद आज नीट वाचू: सीव्हीई-२०१८-२५०३२. झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी. गिट असो की पीएनजी, आत तीच असते.

नोंद सांगते की इनपुटमध्ये लांबच्या जुळण्या खूप असतील, तर कॉम्प्रेस करताना मेमरी बिघडते. वर्गवारी: बफरच्या हद्दीबाहेर लिहिणं. हे खोटं नाही, पण अपुरं आहे.

जागा वाचवायला झेडलिबने तयार आउटपुट आणि एन्कोड व्हायची अंतरं एकाच जागेत, एकमेकांवर बसवली होती. लिहिणारा वाचणाऱ्याच्या मागेच राहील, हे गृहीत. पण फिक्स्ड हफमन कोडमध्ये एक जुळणी ३१ बिटांपर्यंत जाते (लांबीचे ८+५, अंतराचे ५+१३). अशा जुळण्या ओळीने आल्या की लिहिणारा पुढे घुसतो आणि न वाचलेली अंतरं पुसतो. म्हणजे पहिलं नुकसान हद्दीच्या आतच होतं! ॲड्रेस सॅनिटायझरला ते दिसणार नाही. हद्द ओलांडली जाते ती नंतर, ते बिघडलेलं अंतर घेऊन टेबलात शोधताना.

याचा गाभा मार्क ॲडलर यांच्या कमिट मेसेजमध्ये आहे. बग झेड-फिक्स्ड पर्यायासोबत १.२.२.२ मध्ये आला आणि १३ वर्षं लपून राहिला, हेही तिथेच. नोंदीपेक्षा हा मेसेज कितीतरी सरस आहे.

आता तारखा बघा. दुरुस्ती रिपॉझिटरीत आली २०१८ मध्ये. ती असलेली १.२.१२ आवृत्ती निघाली मार्च २०२२ मध्ये, टॅव्हिस ऑरमंडी यांनी विषय जाहीरपणे काढल्यावर. मधली चार वर्षं दुरुस्ती कुणालाही वाचता येत होती, आणि लोक मात्र १.२.११ वापरत होते.

तुमच्या स्क्रिप्टला यातलं काय कळेल? नोंद प्रसिद्ध झाल्यापासून मोजलंत, तर दुरुस्त आवृत्ती दोन-चार दिवसांत आली असं दिसेल. शाबासकी द्यावी असा आकडा! नंबरातल्या २०१८ पासून मोजलंत, तर आधीची १३ वर्षं गायब.

म्हणून डेटासेट बनवताना तीन रकाने वेगळे ठेवा: बग कोडमध्ये कधी आला, दुरुस्ती कधी लिहिली, आवृत्ती कधी निघाली. पहिले दोन कमिट वाचूनच भरावे लागतात. वेळ जातो, पण निदान पन्नास नोंदी तरी अशा हाताने तपासा आणि मगच सरासरी काढा.