गोडीचं जनुक की तोडणीची तारीख? पीच-जर्दाळूवरचे तीन पेपर वाचताना

फळांच्या गुणवत्तेवरचा कुठलाही क्यूटीएल पेपर उघडा. मध्ये कुठेतरी गुणसूत्रांच्या उभ्या काठ्या आणि शेजारी रंगीत पट्ट्या असलेलं चित्र सापडेलच. एक पट्टी साखरेची, एक आम्लतेची, एक फळाच्या वजनाची, एक सालीच्या रंगाची. पीचच्या पेपरांमध्ये या पट्ट्या पुन्हा पुन्हा चौथ्या गुणसूत्रावर एकाच भागात गर्दी करताना दिसतात. नवीन वाचणाऱ्याला वाटतं, अरे वा, इथे तर गुणवत्तेच्या जनुकांची खाणच आहे!

थांबा. ही खाण आहे की एकाच जनुकाच्या अनेक सावल्या आहेत, हाच खरा प्रश्न आहे. त्यासाठी तीन पेपर क्रमाने वाचू. तिन्ही चांगले आहेत, म्हणूनच त्यांच्यावर टीका करण्यात अर्थ आहे.

आधी एवढं माहीत हवं

पीचमध्ये गुणसूत्रांच्या आठ जोड्या. जीनोम लहान, सुमारे २३ कोटी अक्षरांचा. 'लोवेल' वाणापासून तयार केलेल्या दुहेरी-हॅप्लॉइड झाडावरून तो वाचला गेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्दाळू, चेरी, बदाम ही सगळी त्याची भावंडं. गुणसूत्रांवरचा जनुकांचा क्रमही बराचसा सारखा. त्यामुळे पीचमध्ये सापडलेली गोष्ट जर्दाळूत कुठे शोधायची, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरं, 'साखर' म्हणून जो आकडा तक्त्यात असतो तो बहुतेक वेळा ब्रिक्स असतो. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार वापरतात तोच रिफ्रॅक्टोमीटर. तो रसात विरघळलेले सगळे पदार्थ मिळून मोजतो, नुसती साखर नाही. शिवाय जिभेला जाणवणारी गोडी आम्लतेवरही अवलंबून असते. पीचमध्ये कमी आम्लतेचं एक ठळक स्थान पाचव्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे वेगळ्याच जागी. ब्रिक्सचा क्यूटीएल म्हणजे गोडीचा क्यूटीएल नव्हे, ही पहिली खूणगाठ.

पहिला पेपर: २०११

एदुआर्दो आणि सहकाऱ्यांचा हा पेपर इटलीतल्या मिलानच्या गटाकडून आलेला आहे. 'कंटेंडर' आणि 'अंब्रा', तसंच 'बोलेरो' आणि 'ओरो-ए' अशा दोन संकरांच्या संततीत त्यांनी गुणवत्तेचे क्यूटीएल शोधले. चौथ्या गुणसूत्रावर पिकण्याच्या तारखेचा मोठा क्यूटीएल मिळाला आणि इतर गुणांचे क्यूटीएल त्याच्याच आसपास जमा झाले.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं धाडस. तारखेचा इतर गुणांवर पडणारा प्रभाव त्यांनी थेट शीर्षकातच घेतला. दुसरा कोणी असता तर 'साखरेचं स्थान सापडलं' असं छापून मोकळा झाला असता.

आता तारखेचा एवढा दबदबा का? लवकर पिकणारं फळ झाडावर कमी दिवस राहतं. पानांत तयार झालेली साखर त्याच्याकडे यायला वेळच कमी मिळतो. फळ लहान राहतं, ब्रिक्सही कमी भरतो. शिवाय लवकर आणि उशिरा पिकणारी फळं वेगवेगळ्या हवामानात वाढतात. म्हणजे फक्त तारीख ठरवणारं जनुक असलं तरी तक्त्यात ते साखरेचं, वजनाचं, रंगाचं जनुक असल्यासारखं दिसणार.

पण इथेच पहिला आक्षेप. 'एकाच जनुकाचे अनेक परिणाम' आणि 'शेजारी शेजारी असलेली दोन जनुकं' हा फरक अशा संततीत नुसत्या क्यूटीएल नकाशावरून करता येत नाही. हिशेब करून बघा. दुसऱ्या पिढीची १०० झाडं म्हणजे २०० युग्मकं. दोन जनुकं एक सेंटीमॉर्गन अंतरावर असतील तर त्यांची ताटातूट झालेली युग्मकं सरासरी फक्त दोन! दोन युग्मकांच्या जोरावर कुणालाही निकाल देता येणार नाही. म्हणून या पेपरातली 'एकच जनुक' ही बाजू मी पटण्याजोगी शक्यता म्हणून वाचतो. सिद्ध झालं असं म्हणत नाही.

दुसरा पेपर: २०१३

पिरोना आणि सहकाऱ्यांनी नेमकं पुढचं काम केलं. त्याच 'कंटेंडर' आणि 'अंब्रा'च्या संततीत तारखेचं स्थान त्यांनी २२० किलोबेसपर्यंत आणलं. त्या पट्ट्यात एनएसी कुळातली दोन जनुकं शेजारी शेजारी आहेत. त्यातल्या एकात नऊ अक्षरांची भर पडलेली आढळली आणि तेच जनुक प्रमुख उमेदवार म्हणून पुढे आलं.

काम नेटकं आहे. तरी 'उमेदवार' हा शब्द नीट वाचा. उमेदवार म्हणजे निवडून आलेला नव्हे. पीचमध्ये बाहेरून जनुक घालणं किंवा असलेलं बंद पाडणं फार अवघड. रोपाला फळ धरायलाही तीन-चार वर्षं जातात. त्यामुळे थेट पुराव्याची जागा बरेचदा टोमॅटोवरून काढलेला तर्क घेतो: तिथे 'नॉर' या एनएसी जनुकातलं उत्परिवर्तन पिकणं थांबवतं, मग इथेही तसंच असणार.

हा आधार वाटतो तितका भक्कम नाही. २०१९ मध्ये क्रिस्परने टोमॅटोतलं 'नॉर' पूर्ण बंद केलं, तेव्हा परिणाम जुन्या नैसर्गिक उत्परिवर्तनापेक्षा सौम्य निघाला. म्हणजे जुनं उत्परिवर्तन जनुक नुसतं बंद करत नव्हतं. ज्या पिकात प्रयोग सोपे त्या टोमॅटोत हे कळायला इतकी वर्षं लागली, तर पीचमध्ये आपण किती सावध राहायला हवं?

तिसरा पेपर: २०१२

दिरलवांजे आणि सहकाऱ्यांनी पीच, जर्दाळू आणि गोड चेरी या तिघांत फुलण्याची आणि पिकण्याची तारीख तपासली. पिकण्याचा मोठा क्यूटीएल तिघांतही चौथ्या गुणसूत्रावरच. जर्दाळूवर काम करणाऱ्याला यातून मोठी दिशा मिळते. पण क्यूटीएलची हद्द रुंद असते, त्यात शेकडो जनुकं बसू शकतात. एकाच गावात राहणारे सगळे एकाच घरात राहत नाहीत. जागा सारखी म्हणून जनुक तेच, आणि जनुक तेच म्हणून बदलही तोच, या दोन्ही उड्या पुराव्याशिवाय मारू नका.

मग पुरावा कसा असावा?

गराच्या रंगाचं उदाहरण घ्या. पांढरा गर ही मूळ स्थिती. सीसीडी-४ हे जनुक पिवळी रंगद्रव्यं तोडतं, ते निकामी झालं की गर पिवळा. फाल्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या पिवळ्या वाणांत हे जनुक तीन वेगवेगळ्या प्रकारे निकामी झालंय. तीन स्वतंत्र अपघात, परिणाम एकच. प्रयोगशाळेत न जाता निसर्गानेच तीनदा केलेला प्रयोग म्हणा. गोडीच्या बाबतीत तितका स्वच्छ पुरावा या तीन पेपरांत नाही.

कुणाचं काय बिघडतं?

ब्रीडरचं बिघडतं. त्याने चौथ्या गुणसूत्रावरचा 'साखरेचा मार्कर' वापरून रोपं निवडली, तर प्रत्यक्षात तो उशिरा पिकणारी रोपं निवडत बसेल. पंजाबसारख्या ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला येणारं फळ गोड हवं असतं. तिथे हा मार्कर नेमका उलट्या दिशेला नेणार. आणि चूक कळणार झाडाला फळं धरल्यावर, काही वर्षांनी.

उपाय काय? बरेच जण तारीख कोव्हेरिएट म्हणून घालतात. चांगलं आहे, पण प्रश्न बदलतो हे लक्षात ठेवा. आधीचा प्रश्न: हे जनुक असलेलं फळ गोड असतं का? आता: एकाच दिवशी पिकणाऱ्या फळांत हे जनुक असलेलं जास्त गोड असतं का? ब्रीडरला बहुधा दुसरंच उत्तर हवं असतं. पण तारीख आठवड्यातून एकदाच नोंदवली असेल तर ती ढोबळ राहते. मग तारखेचा उरलेला परिणाम साखरेच्या खात्यात गळतो आणि खोटा क्यूटीएल शिल्लक राहतो.

हे फक्त पीचपुरतं नाही. ज्वारी, गहू, भात यांत उत्पादनाचे क्यूटीएल शोधणाऱ्यांना फुलोऱ्याच्या दिवसांबाबत हाच पेच पडतो. तुमचं पीक कुठलंही असो, पेपर हातात आला की सारांशाआधी चार गोष्टी बघा:

१. फळं कधी तोडली, आणि पक्वता कशावरून ठरवली?
२. संततीत झाडं किती, वर्षं किती?
३. 'एकच जनुक' म्हणताना शेजारच्या जनुकाची शक्यता कशी बाद केली?
४. उमेदवार जनुकाचा पुरावा त्याच पिकातला की उसना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साहित्य आणि पद्धतीच्या भागात, अगदी एखाद्या ओळीत दडलेलं असतं. ती ओळ सापडली नाही, तर साखरेच्या पट्टीवर विश्वास ठेवायची घाई करू नका.