दोर कोणाच्या हातीं?

व्यसनांविषयीं लिहिणारे ग्रंथकार बहुधा कांठावर उभे राहून बुडणाऱ्यास पोहण्याचे नियम सांगत असतात. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या आणि तेथें व्यसनी रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. अ‍ॅना लेम्बके यांचा ‘डोपमीन नेशन’ हा २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ या बाबतींत निराळा आहे. कारण बुडणाऱ्यांच्या यादींत लेखिकेनें स्वतःचें नांवहि प्रांजळपणें घातलें आहे. आरंभींचा एक रुग्ण स्वतः जुळविलेल्या विजेच्या यंत्राच्या आहारीं गेलेला होता. त्याची कहाणी येथें विस्तारानें देणें सभ्यतेस धरून होणार नाहीं. लेखिकेची स्वतःची कहाणी मात्र आमच्या वाचकांच्या अगदीं जवळची आहे. तिला व्यसन जडलें तें कादंबऱ्या वाचण्याचें!

रक्तपिपासु पिशाच्चाच्या प्रणयाची एक लोकप्रिय कादंबरी तिच्या हातीं पडली. तिच्यामागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. पुढें ‘किंडल’ हें वाचनयंत्र आलें, आणि मग ना दुकानांत जाण्याचे श्रम, ना मुखपृष्ठ कोणी पाहील ही लाज. रात्रीची झोंप गेली. दोन रुग्णांच्या मधल्या वेळांतहि वाचन चालूं लागलें. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक सद्गृहस्थ कादंबऱ्यांनीं तरुण मंडळी बिघडतात असें म्हणत, आणि आपण त्यांस हंसत आलों. परंतु या कबुलींत दोष कादंबरीचा दिसत नाहीं. आमच्या लहानपणीं पहिला भाग संपला, कीं दुसऱ्यासाठीं वाचनालय उघडेपर्यंत थांबावें लागे; तो दुसऱ्या कोणीं नेलेला असला, तर आठवडाभर हळहळावें लागे. त्या हळहळीला औषध असें कोणी म्हणत नसे. पण तें औषध होतें, हें आतां कळतें. यंत्रानें हिरावून घेतली ती ही मधली वेळ. संगणकाच्या पडद्यावरील पान कधीं संपूंच नये, अशी योजना आझा रास्किन या रचनाकारानें २००६ सालीं केली. पुढें त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला.

ग्रंथाचा सिद्धान्त एका तागडीवर तोललेला आहे. सुख आणि दुःख यांचे व्यापार मेंदूंत एकमेकांना लागून चालतात. एक पारडें खालीं गेलें कीं शरीर दुसऱ्यांत वजन टाकतें, आणि तेंच सुख पुनःपुन्हा घेतलें, तर तें वजन वाढत जाऊन शेवटीं सुखाशिवाय नुसतें दुःखच उरतें. उपमा सुबोध आहे. पण लेखिका तिला फार राबविते. अफू, जुगार, फोन, प्रणयकथा, सर्व एकाच दांडीला टांगलीं जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या व २०२२ च्या आरंभीं अमलांत आलेल्या रोगसूचींत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. फोनच्या सर्वसाधारण नादाला तींत रोगाचें स्थान नाहीं. एवढा विवेक ग्रंथांत अधिक हवा होता.

उपचाराचा भाग सर्वांत उपयुक्त. प्रथम चार आठवडे पूर्ण वर्ज्य. त्यांतले पहिले दोन फार जड जातात, असें लेखिका आधींच बजावते. (दारू वा अफूवर्गीय औषधें डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकाएकीं सोडूं नयेत, हेंहि ती सांगते.) मग स्वतःला बांधून घेण्याचे तीन दोर: वस्तु दूर ठेवणें, वेळ ठरविणें, आणि अमुक प्रकार सर्वस्वीं टाळणें. प्रस्तुत परीक्षकानें पहिला दोर वापरून पाहिला. फोन कपाटांत घातला व किल्ली घरच्या मंडळींच्या स्वाधीन केली. तिसऱ्या दिवशीं बँकेचा सांकेतिक अंक पाहण्यासाठीं ती मागावी लागली, आणि अंक पाहून झाल्यावर पाऊण तास कोठें गेला, तें सांगतां येत नाहीं. दारू सोडतां येते, गुत्त्याकडे पाठ फिरवितां येते. ज्याच्यांतून विजेचें बिल भरावयाचें तोच गुत्ता असला, तर काय करावें? या प्रश्नाला ग्रंथांत पुरेसें उत्तर नाहीं.

लेखिका ओडिसियसचा दाखला देते. सायरनांच्या गाण्यानें भुलूं नये म्हणून त्यानें स्वतःस डोलकाठीला बांधून घेतलें. पण बांधलें कोणीं? कानांत मेण घातलेल्या खलाशांनीं. आणि तो सोडा म्हणूं लागला, तेव्हां त्यांनीं दोर अधिकच आंवळले. ग्रंथांत कुटुंब व व्यसनमुक्तांच्या मंडळ्या येतात, हें खरें. तरी दोराचें टोंक बहुतेक रुग्णाच्याच हातीं राहतें. आणि गाणें कोण रचतें, याची चौकशी तर फारच थोडी. ती पाहावयाची असल्यास नाताशा डाउ श्यूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ (२०१२) हा ग्रंथ वाचावा. लास वेगासचे यंत्रजुगारी जिंकण्यासाठीं खेळतच नाहींत, खेळ चालूं राहावा म्हणून खेळतात. आणि यंत्रें बनविणारेहि मनुष्य यंत्रापुढें किती वेळ बसतो याचेंच माप घेतात, हें तींत पुराव्यानिशीं दाखविलें आहे.

खलाशांचें उदाहरण आमच्याच प्रांतांत आहे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या खेड्यानें २०२२ सालीं ठरविलें, कीं सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शनसंच व फोन बंद राहावेत. मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. लेम्बकेबाईंचा हा दुसराच दोर, वेळेचा. फक्त तो साऱ्या गांवानें मिळून ओढला. शेजाऱ्याच्या घरांत अंधारलेला पडदा असतां आपला उजळ ठेवण्याचा संकोच कोणत्याहि चिकित्सालयाला विकत देतां येणार नाहीं. बंगलोरच्या ‘निम्हान्स’ संस्थेनें २०१४ सालीं या विकारासाठीं स्वतंत्र चिकित्सालय उघडलें, तेंहि जरूरच आहे. पण तेथें जाणारा परत येतो तो त्याच घरीं, त्याच गल्लींत.

ग्रंथ संग्राह्य आहे. कबुलीचें प्रकरण तर दोनदां वाचण्याजोगें. आम्हीं तो कागदी प्रतींतच वाचला. किल्ली अद्याप घरांतच आहे. कोठें, तें आम्हांस सांगण्यांत आलेलें नाहीं.