हौशी तर्काचे वाङ्मय

गुप्तहेरकथेचा वाचक आणि वृत्तपत्रातील खऱ्या गुन्ह्याची हकीगत वाचणारा वाचक हे बहुधा एकच गृहस्थ असतात. परंतु या दोन वाचनांतील भेदाची जाणीव त्यांस क्वचितच असते. कथेच्या लेखकाने वाचकाशी एक अलिखित करार केलेला असतो. दिवाणखान्यात पडलेला हातमोजा, बंद पडलेले घड्याळ, नोकराची चाचरती जबानी यांपैकी काहीच निरर्थक ठरणार नाही व अखेरच्या प्रकरणात प्रत्येक वस्तूचा हिशेब चुकता होईल, असे त्याचे वचन असते. तेव्हा तेथे तर्क लढवणे हा वाचकाचा हक्कच होय. खऱ्या आयुष्याने मात्र असा करार कोणाशीही केलेला नाही. तेथे हातमोजा बहुधा नुसता विसरलेला असतो. असे असूनही एखादे माणूस नाहीसे झाले, की कथेची सवय जडलेले मन त्याच रीतीने कामास लागते व त्यातून एक निराळेच वाङ्मय जन्मास येते. प्रथम ते घरोघरी बोलले जाते, मग छापले जाते, दूरचित्रवाणीवर मांडले जाते आणि अखेर पुस्तकरूपानेही विकले जाते. त्याचा पसारा आज इतका वाढला आहे, की टीकाकाराने त्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहून चालावयाचे नाही.

या वाङ्मयाची वंशावळ मोठी प्रतिष्ठित आहे. १८४१ साली न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत मेरी रॉजर्स या तरुणीचे प्रेत सापडले. एडगर ॲलन पो याने त्या प्रकरणाच्या बातम्या जमवल्या, स्थळ पॅरिस केले, नायिकेचे नाव मारी रोजे ठेवले व घरबसल्या सत्य शोधून काढण्याच्या प्रतिज्ञेने कथा लिहिली. ती क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच त्या मृत्यूबद्दल नवी हकीगत बाहेर आली; तेव्हा १८४५ च्या पुस्तकात पोने काही शब्द व वाक्ये गाजावाजा न करता बदलून घेतली. पुढे १९२६ च्या डिसेंबरात अगाथा ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता झाल्या. त्या वेळी शेरलॉक होम्सचे जनक कोनन डॉयल यांनी काय करावे? त्यांनी बाईंचा हातमोजा एका अतींद्रियज्ञानी म्हणवणाऱ्या गृहस्थाच्या हाती दिला! बाई अखेर हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या, त्या तेथे काम करणाऱ्या लोकांनी ओळखल्यामुळे. ज्यांनी जगास तर्कशास्त्राची गोडी लावली त्यांचीही खऱ्या घटनेपुढे ही अवस्था, मग हौशी मंडळींची काय कथा?

अलीकडचे एक उदाहरण घेऊ. २०२० च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील वॉनंगाटा खोऱ्यात रसेल हिल व कॅरोल क्ले हे वृद्ध स्नेही तंबू ठोकून राहिले असता नाहीसे झाले. दोघांचीही सत्तरी उलटलेली. मागे उरला तो जळालेला तळ व त्यांची गाडी. पुढे सुमारे वीस महिने तर्कांना ऊत आला होता. कोणी म्हणे, दोघांनी संसार टाकून नवे आयुष्य आरंभले. कोणी म्हणे, वाट चुकली. आणि पुष्कळांची बोटे त्या डोंगरात एकटाच राहणाऱ्या, हरणाच्या शिंगांची बटणे करणाऱ्या एका विक्षिप्त माणसाकडे वळली. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. २०२१ च्या नोव्हेंबरात अटक झाली ती एका विमानचालकास, ज्याचे नाव या चर्चेत कोठेही गाजत नव्हते; आणि तो सापडला तो कोणाच्या प्रतिभेमुळे नव्हे, तर डोंगररस्त्यावरील कॅमेऱ्याने टिपलेली गाडी व दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरील नोंदी यांच्या रुक्ष मेळामुळे. रानात एकटा राहतो, आपल्यासारखा वागत नाही, एवढ्या भांडवलावर तर्काने एका निरपराध माणसास संशयित बनवले होते. न्यायालयात त्यास बचावाचा वकील तरी मिळाला असता. लोकांच्या गप्पांत तोही मिळत नाही.

परंतु या प्रवृत्तीचे खरे स्वरूप पाहण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावयास नको. पेण-रोह्याकडच्या डोंगरांतच तिचे याहून बोलके उदाहरण घडून गेले आहे. गागोदे हे पेण तालुक्यातील गाव विनोबांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित. विनोबा तेथे १८९५ साली जन्मले. २०१२ च्या मे महिन्यात याच गावाजवळच्या रानात एका माणसाचे जळालेले अवशेष आढळले. ते पाहिले गावच्याच माणसांनी आणि वर्दीही गावातूनच गेली. पोलिस आले, काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे गेले व उरलेले तेथेच मातीआड झाले. पण गुन्ह्याची राहोच, अपमृत्यूचीही रीतसर नोंद झाली नाही. तेथून पुढे तीन वर्षे सर्वत्र शांतता होती.

ही शांतता, आमच्या मते, या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय. मुंबईहून दोन-तीन तासांच्या वाटेवर एक मनुष्य जाळलेला सापडतो आणि तो कोण, हे कोणासही विचारावेसे वाटत नाही! एकाही हौशी शोधकाने त्यावर तर्क लढवला नाही, एकाही दिवाणखान्यात त्याची चर्चा झाली नाही. मग २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. ती २०१२ च्या एप्रिलपासून दिसेनाशी झाली होती व अमेरिकेस गेल्याचे सांगितले जात होते. तिची आई इंद्राणी मुखर्जी यांना अटक झाली. दूरचित्रवाणीच्या व्यवसायातील हे मोठे व धनिक घराणे. तेव्हा एका रात्रीत सारा देश गुप्तहेर झाला. गागोद्याच्या रानात कॅमेरे उभे राहिले. नात्यांच्या वंशावळी आखल्या गेल्या, छायाचित्रांतील हास्यांचे अर्थ लावले गेले आणि ज्यांना या घराण्याचे नावही कालपर्यंत ठाऊक नव्हते ते त्यांच्या अंतःकरणातील हेतू छातीठोकपणे सांगू लागले.

मृत व्यक्ती २०१२ सालीही तीच होती आणि २०१५ सालीही तीच होती. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की तिला नाव मिळाले व त्या नावामागे श्रीमंती उभी राहिली. यावरून या वाङ्मयाचा मूळ दोष उघड होतो. आपणांस सत्याची तळमळ लागली आहे, मृतास न्याय मिळावा अशी आपली इच्छा आहे, असे ते म्हणते. वस्तुतः त्याचे कुतूहल मृताविषयी नसतेच. ते मोठ्या घराच्या दारास पडलेल्या फटीविषयी असते. तळमळ असती तर ती बेवारस अवशेषांपाशी आधी जागी झाली असती.

या वाङ्मयातले रानही असेच पोकळ असते. ‘निर्जन अरण्य’ हा त्याचा आवडता शब्द. पेण-रोह्याचे डोंगर निर्जन आहेत, असे तेथे पाऊल न ठेवणाऱ्यानेच म्हणावे. तेथे ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. बाया मोळ्या आणावयास जातात, मे महिन्यात आंब्या-करवंदांसाठी पोरे रान धुंडाळतात. हौशी तर्कात मात्र या लोकांस दोनच भूमिका मिळतात: एक तर ते तेथे नसतातच, किंवा असले तर त्या बटणे करणाऱ्या माणसाप्रमाणे संशयित असतात. साक्षीदार म्हणून त्यांची गणना होत नाही. आणि गागोद्यास तर जी काही माहिती प्रथम हाती आली, ती गावच्या माणसांकडूनच आली.

नाहीशा झालेल्या माणसाबद्दल तर्क एकदा सुरू झाला की त्यास अंत राहत नाही, हे मराठी माणसास नव्याने सांगावयास नको. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते जिवंत आहेत ही भावना इतकी चिवट होती, की पंधरा वर्षांनी त्यांच्या नावाने वावरणाऱ्या तोतयाने कोकणात किल्ले घेतले, फौज उभी केली आणि आंगऱ्यांनी पकडल्यावर १७७६ साली पुण्यास देहान्त शिक्षा होईपर्यंत राज्यास घोर लावला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले ते उगीच नव्हे. शीना बोरा प्रकरणातही २०२१ साली, मुलगी काश्मिरात जिवंत पाहिली गेल्याचे इंद्राणी मुखर्जी यांनी तपास यंत्रणेस कळवले. आपणांवरील आरोप त्यांनी नाकारले आहेत. आरोपीने आपल्या बचावासाठी एखादी गोष्ट मांडावी हा तिचा अधिकार होय व तिची परीक्षा करणे हे न्यायालयाचे काम होय. आमचा आक्षेप आहे तो अशी बातमी येताच काश्मिराचे नकाशे उघडून बसणाऱ्या मंडळींवर. त्यांस खरे-खोटे ठरवावयाचे नसते. गोष्ट संपू नये, एवढेच हवे असते.

यावर कोणी म्हणेल, की लोकांनी चर्चा केली नसती तर कित्येक प्रकरणे दडपली गेली असती. हा आक्षेप खोटा नाही. परंतु येथे माहिती व तर्क यांचा घोटाळा होतो. ‘अमुक दिवशी अमुक वळणावर मी एक गाडी पाहिली’ असे सांगणारा साक्षीदार असतो. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. ‘अमक्यानेच केले असले पाहिजे’ असे सांगणारा कथाकार असतो. पहिल्यास आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते. दुसरा चुकला तर नवी कथा रचतो. पोने निदान आपली वाक्ये तरी दुरुस्त केली. हौशी तर्काच्या वाङ्मयात शुद्धिपत्र हा प्रकारच नाही. ज्या निरपराध माणसावर काल बोट रोखले, त्याची क्षमा मागणारी चार ओळींची पुरवणी आज कोणी काढीत नाही.

२०२४ साली याच खटल्यात शीनाचे म्हणून जपलेले अस्थि-अवशेष सापडत नसल्याचे न्यायालयास सांगण्यात आले आणि काही दिवसांनी ते तपास यंत्रणेच्या दिल्लीच्या कचेरीतच मिळाल्याचे कळवण्यात आले. २०१२ साली नोंद झाली नाही; २०२४ साली जपलेली वस्तू जागेवर सापडली नाही. या प्रकरणास कल्पकतेची उणीव कधीच भासली नव्हती. उणीव होती ती वेळच्या वेळी केलेल्या नोंदीची व नीट लावलेल्या चिठ्ठीची. सुशिक्षित कुटुंबांतून जी बुद्धी व जो वेळ आज ‘कोणी केले असेल’ या प्रश्नावर खर्च होतो, त्याचा थोडा अंश जरी ‘आपल्या तालुक्यात सापडलेल्या बेवारस प्रेतांची नोंद कोण ठेवतो व ती कोण पाहतो’ या नीरस प्रश्नाकडे वळला, तरी त्या रानात मरणाऱ्या पुढच्या माणसास आपले नाव परत मिळण्यासाठी तीन वर्षे आणि एक श्रीमंत घराणे यांची वाट पाहावी लागणार नाही.