नाव झाकावं, खुणा झाकू नयेत

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना तो पोरखेळ वाटला असेल. ऑनलाइन खेळातल्या राक्षसांची नावं खेळाडूंपासून लपवावीत की नाही, यावर दासगावात व्याख्यान कशाला? पण आम्ही वर्गात वर्षानुवर्षं जो प्रश्न शिकवला, तोच इथे वेगळ्या कपड्यांत उभा आहे : एखाद्या वस्तूचं नाव कळणं आणि ती वस्तू कळणं, या गोष्टी एक की दोन?

आधी खेळ समजून घेऊ. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, आणि एक जण खेळ चालवतो. त्याला आपण मास्तर म्हणू. मास्तर सांगतो, गुहेत काहीतरी हललं. खेळाडू सांगतात, आमचं पात्र काय करतं. मग फासे पडतात. पूर्वी हे टेबलाभोवती चाले. आता रोल-ट्वेंटी, फाउंड्री अशा सॉफ्टवेअरमुळे चार गावचे चार जण एकाच नकाशावर खेळतात.

टेबलाशी नाव लपवायला काही करावं लागत नसे. मास्तरने तोंड उघडलं नाही की झालं. संगणकावर उलटं आहे. नकाशावर सोंगटी ठेवली की तिच्याखाली नाव, पाळीच्या यादीत नाव, फाशाच्या निकालापुढे पुन्हा नाव. एका ठिकाणी झाकायचं राहिलं की सगळं फुटलं. म्हणून बऱ्याच मास्तरांनी सरसकट उपाय काढला : जे येईल ते 'अज्ञात प्राणी'. आमची आजची टीका या सरसकटपणावर आहे.

त्यांचं कारण खोटं नाही. या खेळात ट्रोल नावाचा एक राक्षस आहे. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. आग किंवा आम्ल वापरलं तरच तो मरतो. जुन्या खेळाडूला हे पाठ असतं. नाव दिसलं की मशाल पेटते. पण त्याचं पात्र म्हणजे एखादं शेतकऱ्याचं पोर, ज्याने ट्रोल कधी पाहिलेला नाही. मग खेळाडूला अडाणीपणाचं सोंग घ्यावं लागतं, आणि सोंगात मजा नाही. नाव झाकलं तर सोंगाची गरज उरत नाही. इथवर आम्हाला मान्य आहे.

पुढे काय होतं ते बघा. नावाबरोबर चित्रही झाकलं, वर्णनही आखडतं घेतलं. खेळाडूंसमोर एक करडा ठिपका आणि त्याचे फासे. अशा वेळी गूढ वाटत नाही, नुसता कंटाळा येतो. कारण गूढ वाटायला काहीतरी दिसावं लागतं.

आपल्या न्यायदर्शनात चार प्रमाणं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातलं उपमान समजावताना गवयाचं उदाहरण येतं. शहरातल्या माणसाला रानातला माणूस सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर बघतो आणि म्हणतो, हाच तो गवय! नाव आणि वस्तू यांची गाठ त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या डोक्यात पडते. नैयायिक हिला ज्ञानाची स्वतंत्र वाट मानतात. खेळातला सर्वांत गोड क्षण हाच आहे. सोंगटीखाली नाव छापलं की तो जातो हे खरं. पण खुणाच दिल्या नाहीत तर तो येतच नाही. तलवारीने केलेली जखम डोळ्यांदेखत मिटताना दाखवा. कुणीतरी ओरडेल, अरे, आग लावा! ते ज्ञान त्याने कमावलेलं असेल.

आपल्या कोकणात ही रीत जुनी आहे. रात्री सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. साप चावला म्हणायचं नसतं, 'पान लागलं' म्हणायचं. नाव झाकलेलं, पण ओळख प्रत्येकाला आहे. चकव्याचं तर रूपच नाही. वाट फिरून फिरून तिथेच आली की समजायचं, चकवा लागला. हडळ समोरून बाईमाणूस, पाठमोरी झाली की सांगाडा. आपल्या लोकांनी भुतं खुणांवरून ओळखायला शिकवलं.

या भुतांची यादीही झाली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींची माहिती जमवली होती. डिसेंबर 1909 मध्ये त्यांची हत्या झाली. पुढे एन्थोवेन यांनी ती संपादून कोकणचा खंड 1915 साली छापला. त्यात ठिकठिकाणच्या शाळामास्तरांनी कळवलेले वेताळ, मुंजा, गिऱ्हा, खवीस ओळीने आहेत. खेळाचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' आलं 1977 साली. म्हणजे आपलं बासष्ट वर्षं आधी! एखाद्या मास्तरने यातला गिऱ्हा सावित्रीच्या डोहात ठेवून बघावा. जुन्या खेळाडूंचं पाठांतर तिथे चालणार नाही.

आता उलट बाजू. सगळेच 'अज्ञात' केले तर वार कुणावर केला हेच कळत नाही. वाली-सुग्रीव झुंजले तेव्हा रामाला दोघांत फरक दिसेना. पुढच्या वेळी सुग्रीवाच्या गळ्यात वेल घालावी लागली. ती वेल सुग्रीव कोण हे सांगत नव्हती, फक्त हा आणि तो वेगळा करत होती. सोंगट्यांना आकडे द्या, रंग द्या. वेगळं ओळखू येणं हा खेळाडूचा हक्क आहे. ओळख पटणं ही त्याची कमाई.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये नावापुढे स्वभावही छापलेला असतो. त्यात आपला राक्षस आहे, आणि त्याच्यापुढे दुष्ट असा शिक्का आहे. त्या पुस्तकाने चालायचं तर बिभीषण रामाच्या छावणीच्या दारातच मारला गेला असता. सुग्रीवाचा सल्ला तोच होता. रामाने जात विचारात न घेता समोरचा माणूस बघितला.

नाव कळलं की बघणं थांबतं, हा खरा धोका आहे. इथून जवळच महाड आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याआधी त्या पाण्याला कुणी शिवायचं हे माणूस बघून ठरत नव्हतं, जातीचं नाव ऐकून ठरत होतं. आजही पाहुण्याला पाणी देता देता आपण विचारतो, "आडनाव काय?" खेळातले राक्षस आणि जितीजागती माणसं एका पारड्यात घालायची नाहीत. पण नावावर निकाल देण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे, आणि खेळात ती मोडायचा सराव करता येतो. नाव नसलेलं काहीतरी समोर आलं की खेळाडूला आधी विचारावं लागतं : हे काय करतंय? याला काय हवंय? हे बोलतं का?

तेव्हा मास्तर मंडळींना आमचं सांगणं एवढंच. नाव झाका, पण खुणा सढळ हाताने द्या. खेळाडूने ओळखलं की कबूल करा. आपण हरलो म्हणून नियम बदलू नका. आणि काय काय झाकणार आहात, ते खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगून टाका. लपवणं ठरलेलं असेल तर तो खेळ आहे. न सांगता लपवलं, तर तिला आपल्याकडे फसवणूक म्हणतात.