सात कोटी बंदुका मोजल्या कुणी?

शस्त्रकायद्यावरच्या लेखांत एक आकडा हमखास भेटतो: भारतात नागरिकांकडे ७ कोटी ११ लाख बंदुका, त्यातल्या ६ कोटी १४ लाख बेकायदा. मूळ आहे जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेचा २०१८ चा अहवाल. संशोधन प्रस्तावात हा आकडा टाकण्याआधी जरा उलगडून बघू.

अहवाल टाकाऊ अजिबात नाही. जगभराची तुलना करायची तर त्याच्याशिवाय फारसं काही हाताशी नाही, आणि आपण अंदाज देतोय हे तो लपवत नाही. गडबड आपल्या वापरात आहे. ते ६ कोटी १४ लाख कुणीच मोजलेले नाहीत. एकूण अंदाजातून नोंदणीकृत ९७ लाख वजा केले, उरले ते हे. शिवाय अहवालाचा शब्द 'नोंद नसलेल्या' असा आहे. 'बेकायदा' हा शब्द आपण चिकटवला. कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, म्हणजे परवाना नसलेली प्रत्येक बंदूक बेकायदा नसते.

आता ते ९७ लाख. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख, महाराष्ट्रात फक्त ८४ हजार. तेव्हा एका परवान्यावर जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येत. भागाकार करा: सरासरी २.८८! म्हणजे जवळजवळ प्रत्येक परवानाधारकाने मर्यादा गाठलेली. पटतं? एक तर परवाने कमी मोजले गेले, किंवा बंदुका जास्त, किंवा दोन्हीकडे वेगळंच काही मोजलंय. आणि गंमत बघा, ९७ लाखांचा आकडा खाली आणला, तर एकही नवा गावठी कट्टा न बनता 'बेकायदा' बंदुका वाढतात.

हा नुसता गणिताचा खेळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आणली. विरोधक म्हणाले, गुन्हे परवानाधारक करत नाहीत. समर्थकांचं म्हणणं, कायदेशीर शस्त्रंच पुढे पाझरतात. सात कोटींचा आकडा या वादात कुणाच्याच कामाचा नाही. प्रश्न आहे, पकडलेलं शस्त्र आलं कुठून?

आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये चांदवड टोलनाक्यावर पोलिसांनी एका गाडीतून रायफली, पिस्तुलं आणि चार हजारांवर काडतुसं पकडली. माल उत्तर प्रदेशातल्या बांद्याच्या शस्त्रविक्रेत्याकडून चोरलेला निघाला. कारखान्यात बनलेली, परवानाधारक दुकानातली शस्त्रं रस्त्यात बेकायदा झाली आणि जप्तीची नोंद मात्र नाशिकच्या खात्यावर. पाझर होता, पण घरच्या कपाटातून नव्हे, दुकानातून. परवानाधारकाची मर्यादा घटवून ही गळती थांबली नसती. अर्थात एका घटनेवरून धोरण ठरत नाही. पण कोणती माहिती गोळा करायला हवी, ते नक्की कळतं.

नाशिकवर काम करणार असाल तर लक्षात ठेवा: शहरातले परवाने पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागातले जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवाना, बंदूक आणि जप्ती यांचे रकाने वेगळे ठेवा. आणि पुढचा मोठा आकडा दिसला की आधी विचारा: हा मोजलाय, की उरलाय?