अनेसिमला कुणी विचारलं?

मारुंजीतल्या माझ्या खोलीत बायबलचं भाष्य बघून चळवळीतला एक मित्र उखडला. ‘‘बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना? मग हे काय वाचतोस?’’ घेतल्यात. पण बाविसातली एकही प्रतिज्ञा पुस्तक वाचू नको म्हणत नाही. उलट, ज्या धर्मग्रंथांच्या नावाने माणसाच्या मानेवर जू ठेवलं गेलं, ते ग्रंथ आणि त्यांचे अर्थ सांगणारे, दोघांचीही झडती घेणं आपलं काम आहे.

भाष्य म्हणजे वचनावचनाचा अर्थ सांगणारं पुस्तक. पाद्री रविवारचा उपदेश त्यावरून तयार करतात. म्हणजे लोकांच्या डोक्यावर मूळ ग्रंथाइतकंच राज्य भाष्याचं. मी वाचलं ते विल्यम बार्कले या स्कॉटिश अभ्यासकाचं, फिलेमोनाच्या पत्रावरचं. इंग्रजी सोपं, माहिती भरपूर, लिहिणारा मनाने चांगला. म्हणूनच जपून वाचायचं.

पत्र अवघं 25 वचनांचं. पौल तुरुंगातून फिलेमोन या धन्याला लिहितो. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पौलाला भेटलाय, ख्रिस्ती झालाय. पौल त्याला परत पाठवतो आणि सांगतो, याला आता भाऊ समज, याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. गुलामीतून मोकळा कर, असं मात्र स्पष्ट म्हणत नाही.

बार्कले अनेसिमला पळपुटा धरून चालतो, वर बहुधा चोरही. पत्रात ‘पळाला’ हा शब्द नाही. ‘चोरी केली’ असंही नाही. काही नुकसान केलं असेल तर, एवढंच आहे. हा ‘तर’ भाष्यकारांनी पिढ्यान् पिढ्या गिळलाय. गावात काही हरवलं की पहिली झडती कुणाच्या वस्तीत, हे आपल्याला काय सांगायचं! 1871 च्या कायद्याने तर अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या.

पुढे बार्कले समजावतो की ख्रिस्ती धर्माने गुलामगिरीवर थेट घाव घातला नाही, कारण बंड झालं असतं तर ते चिरडलं गेलं असतं. धर्माने धनी-गुलामात नवं नातं आणलं. बंड चिरडलं गेलं असतं, हे खरंच. पण ती किंमत मोजायची की नाही, हे अनेसिमने ठरवायचं की धन्याच्या ओसरीवर बसलेल्याने? हे मनपरिवर्तनाचं औषध आपल्याला पाजून झालंय. ‘हरिजन’ म्हणून गळ्यात पडायचं आणि पाणवठा तसाच ठेवायचा.

प्रचलित मराठी बायबलाचीही गंमत बघा. तिथे अनेसिम ‘दास’ आहे. दास म्हटलं की टाळ आणि भक्ती आठवते. गुलाम म्हटलं की बेडी. जोतीरावांनी 1873 साली पुस्तकाचं नाव ‘गुलामगिरी’ ठेवलं, ते उगाच नाही.

आता दुसरं भाष्य ऐका. 1833 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स हा पाद्री, स्वतः गुलामांचा मालक, काळ्या गुलामांपुढे याच पत्रावर बोलला. पळून जाणं कसं वाईट, ते सांगू लागला. निम्मे ऐकणारे उठून चालते झाले. उरलेल्यांतले काही म्हणाले, असलं पत्र बायबलात नाहीच. हे जोन्सनेच लिहून ठेवलंय. फिलेमोनाच्या पत्राचं याच्याहून खरं भाष्य मी वाचलेलं नाही.

बाबासाहेब 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपल्या मनाची पकड घेतली, असं सांगितलं. आणि तुमच्यात जात का उरली, शिकलेला ख्रिस्ती अन्यायाविरुद्ध का लढत नाही, हेही सुनावलं. मान द्यायचा आणि जाबही विचारायचा, ही त्यांची वाचनाची रीत. बुद्धालाही त्यांनी तसंच वाचलं. 1957 साली आलेल्या ग्रंथात सुरुवातीलाच परंपरेला चार प्रश्न घातले. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा नाकारली. ख्रिस्ती लोकांतही अरविंद निर्मळ यांनी 1981 साली बंगलोरला शूद्रांच्या बाजूने धर्मविचार मांडायला घेतला. दलित ईश्वरविद्येची वाट तिथून फुटली.

मित्राला मी एवढंच म्हणालो, हे परक्यांचं घर नाही. धर्म बदललेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या अनुसूचित जातींत 1990 पर्यंत जागा नव्हती. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. अनेसिम त्यांच्यात आहे आणि आपल्यातही आहे.

अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. शेजारी हिंजवडीच्या कंपन्यांत झाडायला, गेटवर उभं राहायला ठेकेदाराला अशीच उपयोगी माणसं लागतात. त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. त्यांना कुणी विचारत नाही. पुऱ्या पत्रात अनेसिमचंही एक वाक्य नाही.

दोस्तांनो, बार्कले वाचा, पेन्सिल घेऊन वाचा. आणि तीच पेन्सिल घेऊन आपल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकंही वाचा. बाबासाहेबांच्या वाक्यांना नुसते हार घालणारे भाष्यकार आपल्यातही झालेत. त्यांच्या पुस्तकातही शोधा, अनेसिम कुठे बोलतो ते.

जय भीम.