घोड्याच्या हृदयावरणाचा स्टेंट

धमनीत बसवायच्या पोलादी जाळीला घोड्याच्या हृदयावरणाचा पडदा चढवायचा, ही कल्पना मला विलक्षण देखणी वाटते. इस्रायलच्या आयटीजीआय मेडिकलने घडवलेल्या ‘अन्यूग्राफ्ट’ स्टेंटवर हा पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो.

त्याची गरज पडते ती आणीबाणीत. अँजिओप्लास्टी करताना क्वचित धमनी फाटते आणि रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत, म्हणजे हृदयावरणात, उतरू लागतं. ही पिशवी भलती चिवट, एकाएकी ताणली जात नाही. थोडं रक्त झपाट्याने साचलं तरी ती हृदयालाच आवळते, त्याला भरायला जागा उरत नाही. साध्या स्टेंटची जाळी उघडी, ती भोक बुजवणार कशी? तिथे धावून येतं ते पुन्हा हृदयावरणच, दुसऱ्या प्राण्याचं! ज्या चिवटपणाने रोग्याचा जीव कोंडला, तोच चिवटपणा धमनीच्या आत जाऊन गळती थोपवतो. या रचनेचं सगळं मर्म मला इथे दिसतं.

पडदा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवलेला असतो. त्याने कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात, ऊती कुजत नाही आणि शरीरही तिला सहसा परकी म्हणून झिडकारत नाही. हृदयाच्या झडपांनी ही वाट आधीच मळवली होती. मॅरियन आयोनेस्कू यांनी लीड्समध्ये १९७१ साली गाईच्या हृदयावरणाची झडप वापरायला घेतली.

शेगावच्या पालखीपुढे घुमणाऱ्या पखवाजाची पुडीही कातड्याचीच, पण ती चामड्याच्या वाद्यांनी आवळून ताणलेली, एका जागी पक्की. इथला पडदा आधी स्टेंट बसवणाऱ्या मिटलेल्या फुग्याभोवती अंग चोरून बसतो, वळणावळणाने धमनीत शिरतो आणि फुगा फुगला की न फाटता उलगडतो. जुन्या आच्छादित स्टेंटमध्ये पीटीएफई या प्लॅस्टिकचा कृत्रिम पडदा दोन जाळ्यांच्या मध्ये धरलेला असे. तो स्टेंट ताठर, वाकड्या धमनीत अडणारा. इथे एकाच जाळीवर भागतं.

उणिवा आहेतच. पडदा शेजारच्या फांदीचं तोंडही झाकू शकतो. त्यावर धमनीचं आतलं अस्तर सावकाश धरतं, म्हणून गुठळीची धास्ती राहते.

अथेन्सच्या क्रिस्टोडुलोस स्टेफानाडिस यांनी १९९०च्या दशकात रोग्याच्याच हाताची शीर काढून स्टेंटवर चढवली होती. कल्पना म्हणून मला ती अधिक सुंदर वाटते. त्यात परकं काहीच नाही. पण फाटलेली धमनी शीर काढून शिवेपर्यंत थांबत नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर-लोणारकडून, हृदयाचे रुग्ण अनेकदा अकोल्याला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागतात. इतकं अंतर कापून टेबलावर पोचलेल्या माणसाची धमनी फाटली, तर असा स्टेंट दुसऱ्या गावाहून मागवून चालत नाही. तो त्याच कॅथलॅबच्या कपाटात हवा.